आम्हा तिघांचा अत्यंत खासगी ग्रुप

आमच्या घरातले गुपित चहा निवण्याच्या आत घोटीला पोहोचते. घोटीला माझी आत्या राहते आणि तिच्या फोनमध्ये आमचे समस्त गणगोत राहते. मागे एकदा मला पाहायला आलेली मंडळी अजून नाशिकच्या हद्दीतच होती, तोवर आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर ‘अनूचे जमले’ असे टाकूनही दिले. ती वार्ता फिरत फिरत मुलाच्या मामांकडे गेली आणि ‘आम्हाला न विचारताच जाहीर करणारी माणसे नकोत’ असा निरोप आला.

त्यानंतर ओझरहून समीरचे स्थळ आले. विमानांच्या कारखान्यात अभियंता. आणि (हे मी कोणालाही सांगितले नव्हते) तो मला आवडला होता. तेव्हा या वेळी बाहेरचा एकही जंतू आत शिरू द्यायचा नाही, असे मी ठरवले. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, निर्जंतुकीकरण हा माझा पेशाही आहे आणि स्वभावही. मी दिवसभर प्रयोगशाळेत, आई मळ्यात, आप्पा पहाटेपासून पंचवटीत फुलांच्या ठेल्यावर. त्यामुळे चर्चा मोबाइलवरच होणार होती, पण ती तिघांत आणि वेगळ्या अ‍ॅपवर.

पहिल्या अ‍ॅपवर आईने स्वतःचा नंबर टाकला आणि लगेच आत्याचा फोन आला.

“वहिनी, तू आल्याचं मला इथं दिसलं. काय लपवताय गं?”

“काही नाही बाई, चुकून दाबलं गेलं.”

“चुकून कोणी अ‍ॅप घेतं व्हय?”

निदान स्पष्ट होते: रोगाचा प्रसार नंबरातून होत होता. मग मी नंबर न मागणाऱ्या अ‍ॅप्सचा तौलनिक अभ्यास केला. एकाने ईमेल मागितला. तो आप्पांकडे नव्हता. दुसऱ्याने प्रत्येकाला नावाऐवजी अक्षरांची लांबलचक माळ दिली. आप्पा म्हणाले, “ही फवारणीची औषधं वाटतात.” तिसरे मात्र निर्दोष निघाले. नंबर नको, ईमेल नको. वाटेल ते नाव घ्यायचे आणि ग्रुपचा क्यूआर कोड स्कॅन करून आत यायचे.

“आप्पा, हा कोड जपून ठेवा. अ‍ॅप गेलं तर परत लागेल.”

“जपतो की,” आप्पा म्हणाले.

त्यांना तो लागलाही. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून ते दर दोन दिवसांनी अ‍ॅप काढून टाकत आणि नव्या नावाने परत येत. आधी ‘आप्पा’, मग ‘आप्पा नवीन’, मग ‘आप्पा खरा’. त्यामुळे दसऱ्याच्या तोंडावर ग्रुपमध्ये ‘रामराम’, ‘एस’ आणि ‘गुलाब’ असे सदस्य दिसू लागले, तेव्हा मी विचलित झाले नाही. उपलब्ध पुराव्यावरून तेही आप्पाच होते!

आईने लिहिले, “मुलगा सरळ वाटतो. त्याची आई जरा तोऱ्यात हे.”

‘एस’ने लिहिले, “बोलणं तसं आहे, पण मनाने चांगली आहे.”

आप्पांनी आजवर कोणाच्याही आईविषयी इतके बरे बोललेले मी ऐकले नव्हते. मला भरून आले. त्याच भरात मी माझे विश्लेषण सादर केले: मुलगा समोरच्याचे ऐकून घेतो, नोकरीविषयी बढाई मारत नाही, दोष एकच, मिशी. होकार मात्र दिवाळीनंतर कळवावा, म्हणजे आपली उत्सुकता दिसणार नाही.

“मिशी काढता येईल,” ‘एस’.

“आप्पा, तुम्ही मिशीवर बोलू नका. तुम्हालाही आहे.”

“बरं,” ‘एस’. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘एस’च, “पण मुलगा तुम्हाला आवडला का?”

आप्पा मला ‘तुम्हाला’ म्हणाले, याचे विश्लेषण करायला हवे होते. मी ते केले नाही. लिहिले, “खरं सांगू का आप्पा, खूप आवडला.”

त्याखाली ‘गुलाब’चा संदेश उमटला. “ताई, होकार देऊन टाका. आणि शेवंती आली का?”

मी आप्पांना फोन लावला.

“आप्पा, तो कोड कुठे आहे?”

“ठेल्यावर. लॅमिनेट करून घेतला, पाण्यानं खराब व्हायला नको.”

“ठेल्यावर कुठे?”

“पैशाच्या कोडशेजारी. जपून ठेवायचं म्हणजे डोळ्यापुढं नको का? ठेव आता, लय गर्दी हे.”

प्रयोगशाळेतून अर्धी सुट्टी टाकून मी पंचवटी गाठली. झेंडूच्या ढिगामागे दोन चौकोनी कोड शेजारी शेजारी लटकत होते आणि गिऱ्हाइके, देशाच्या परंपरेला अनुसरून, जो आधी दिसेल तो स्कॅन करून न वाचता ‘पुढे’ दाबत होती. मी आमचा कोड ओढून काढला. वळले, तर समोर समीर. हातात झेंडू, नाकाखाली काहीही नाही.

“आईने परवा फुलं न्यायला पाठवलं होतं,” तो म्हणाला. “पैसे देताना चुकीचा कोड लागला.”

“मग लगेच बाहेर का नाही पडलात?”

“पडणार होतो. पण तुम्ही मिशीवर आला होतात.”

मी त्याच्याकडे नीट पाहिले. मिशी होती तेच बरे होते. एम.एस्सी.ला प्रथम श्रेणी मिळवणाऱ्या मुलीचा निष्कर्ष साफ चुकला होता.

“चांगली नाही दिसत का?” त्याने विचारले.

“होती तेव्हाच बरे दिसत होते बघा,” शेवंती निवडणाऱ्या एक बाई परस्पर म्हणाल्या. ‘गुलाब’ कोण, ते कळले.

“परत वाढवतो,” समीर म्हणाला. “दिवाळीपर्यंत येईल. तोवर तुम्ही थांबणारच आहात ना?”

आप्पांनी झेंडू तोलायचा थांबवला. मी जमेल तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले, “आता थांबण्यात काही अर्थ उरलेला नाही.”

तेवढ्यात माझा, आप्पांचा, समीरचा आणि त्या बाईंचा, असे चारही फोन एकदम वाजले. मळ्यातून आईने ग्रुपवर लिहिले होते, “अनू, तुझा होकार पक्का समजू का? इथं आपण तिघंच आहोत, मोकळेपणानं सांग.”

मी ‘हो’ असे लिहिले. आम्हा तिघांच्या त्या अत्यंत खासगी ग्रुपवर पहिले लाल हृदय पाठवले ते शेवंतीवाल्या बाईंनी.