शालनची ओटी

निरोप एसटीडी बूथवाल्याने आणला, तेव्हा मी तिसगावच्या बाजारात पितळी घागरीच्या भावावरून एका गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर आले होते. "तुमची बहीण गेली. पारनेरहून फोन होता." घागर तो म्हणेल त्या भावात देऊन टाकली... आयुष्यात एकदाच.

शालन माझी धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी पुण्यात तिचं कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. पिशवी, अंडाशय, आजूबाजूचं सगळं काढलं. त्यानंतर तिला लघवीची जाणीवच होत नसे. मनगटावर घड्याळ बांधून ती दर तीन तासांनी जायची, खुरपणी अर्धी टाकून. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या. लागण होईल म्हणून नवरा ओसरीवर निजायला लागला, तर तिनं त्याला पुण्याला नेऊन डॉक्टरांसमोर उभं केलं. "इचारा तुमच्याच तोंडानं," म्हणाली. त्याने विचारलं, आणि गुमान घरात निजायला आला.

पण पुतणीच्या लग्नात सवाष्णींच्या ओट्या भरताना थोरल्या जावेने तिला वगळून पुढचीला नारळ दिला. शालन उठली आणि जावेपुढे पदर पसरला. "जाऊबाई, पिशवी काढलीय. पदर न्हाई."

"तुला आता मूल व्हायचं हाय का? ओटी कशाला?"

"तुमी पन्नाशीच्या. तुमाला कितवा महिना?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जावेने ओटी भरली नाहीच. शालन पंगतीत पोटभर जेवली. परतताना एसटीत मात्र खिडकीकडे तोंड करून मला म्हणाली, "अक्का, रिकामं वाटतं गं... पण ते मी म्हनायचं. तिनं न्हाई."

यंदा दुखणं उलटलं आणि ती गेली. मी पारनेरला पोचले तेव्हा, नवऱ्याआधी गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, आणि तीच जाऊ डोळे पुसत खण-नारळ घेऊन ओटी भरायला वाकली होती. मी तिचं मनगट धरलं. "जित्तेपणी हात आखडलास, आता मढ्यापुढं सैल सोडतीस?" मयताच्या दारात भांडू नये, असं सगळे म्हणाले. महिना होऊन गेला, अजून म्हणतात. मला वाईट वाटत नाही.

जावेच्या हातातला नारळ काढून घेतला, मूठभर तांदूळ घेतले आणि ओटी मीच भरली. माझं कुंकू जाऊन वीस वर्षं झाली. "विधवेच्या हातची चालत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"चालत नसंल तर ती सांगंल," मी म्हणाले, आणि तिच्या पदराला गाठ मारली.