सायलीची प्रॉक्सी

ज्ञान कशाला म्हणायचं हे तपासणाऱ्या ज्ञानमीमांसेचा पहिलाच तास होता आणि मी हजेरी घेत होते. सायलीचं नाव घेतलं, पहिल्या बाकावरून "प्रेझेंट, मॅडम" असा आवाज आला, मी खूण केली. तेवढ्यात मागच्या खांबाआडून एक मुलगी उठली. "अगं, मी आलेय," ती पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीला म्हणाली. वर्ग हसला. सायली दांडी मारणार असं समजून मैत्रिणीने प्रॉक्सी लावली होती.

रागावायचं सोडून मी त्या खुणेकडे बघत राहिले. सायली वर्गात आहे असं मी मानलं होतं. ते खरं होतं. मानायला कारणही होतं. तरी मला ते माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. आपल्या कितीतरी खात्र्या अशाच असतात, भलत्याच कुणीतरी ओ दिलेल्या आणि नशिबाने बरोबर निघालेल्या. त्या मिरवतानाही आपला आवाज चांगला खणखणीत असतो.

मी खूण खोडली, पुन्हा नाव घेतलं. या वेळी सायलीनेच ओ दिली, आणि मी तीच खूण त्याच जागी केली.

"मॅडम, बरोबरच होती की, मग खोडली कशाला?" एकाने विचारलं.

"तेच वर्षभर शिकायचंय," मी म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.