शेजारच्या वर्गातली सतरंजी

मी जळत होते. मत्सर, असूया असले साजूक शब्द मला नकोत. सरळ जळत होते, आणि तेही कुणावर, तर माझ्या मुलीच्या वयाच्या एका पोरीवर. ती सिकंदराबादेहून बस बदलत यायची. तिसरी ‘ब’ तिच्याकडे, तिसरी ‘अ’ माझ्याकडे. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत एक दार, जे फुगल्यामुळे कधीच नीट लागायचं नाही. तिच्या वर्गातलं सगळं मला ऐकू यायचं आणि ऐकायचं नाही म्हटलं तरी माझे कान तिकडेच.

अंबरपेठेतल्या या लहानशा शाळेत माझी उभी हयात गेली. पोरं तेलुगू घरची, दखनी उर्दू बोलणारी, चार-दोन आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांतली. मधल्या सुट्टीत मारामारी झाली की सगळी माझ्या टेबलाभोवती. ‘टीचर, इने मारा.’ ‘टीचर, पहले इनेच मारा.’ मी वैतागल्याचा आव आणायचे, पण मला ते फार आवडायचं. भांडण कुणाचंही असो, न्याय माझ्याकडेच मागायचा, हे शाळेत ठरलेलं होतं.

माझी एक पद्धतही होती. संक्रांतीला इथलं शहर पतंगांत असतं, तिळगूळ आपला आमच्या घरांपुरता. पण सुट्टी संपून शाळा उघडली की मी डबाभर लाडू न्यायचे. ज्यांचं आपसांत पटत नाही अशा जोड्या फळ्यासमोर उभ्या करायचे. एकमेकांना लाडू भरवायचा आणि आजपासून गोडच बोलायचं, असं वर्गासमोर कबूल करायचं. वर्ग टाळ्या वाजवायचा, मोठ्या बाई फोटो काढायच्या. शांती, दया, दुसऱ्याचा मान, पुस्तकातले हे सगळे धडे मी एका लाडवात बसवते, असं त्या पालकांना कौतुकाने सांगत.

आणि या पोरीकडे काय, तर एक सतरंजी. भांडलेली दोघं कोपऱ्यात त्या सतरंजीवर बसणार. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे अक्षर न काढता ऐकायचं, मग उलट. बाई शेजारी मांडी घालून गप्प. रागावणं नाही, माफी मागायला लावणं नाही. ‘नुसतं बसून राहायचं, याला शिकवणं म्हणतात का?’ असं मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणाले. ती तिथेच होती. हसली आणि मला चहा ओतून दिला. त्याने तर माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

हळूहळू माझ्या वर्गातली पोरंही मधल्या सुट्टीत त्या दारातून तिकडे जायला लागली. माझं टेबल ओकंबोकं. घरी माझी चिडचिड ऐकून नवरा म्हणाला, ‘शाळेत सवत आली की काय तुझी?’ मी त्याच्याशी रात्रभर बोलले नाही, कारण त्याने नेमकं बोट ठेवलं होतं.

यंदाच्या संक्रांतीनंतर मी हट्टाने दुप्पट लाडू नेले. पहिली जोडी ठरलेलीच होती. दोन घट्ट वेण्या घालणारी, दखनी घरातली एक अबोल मुलगी आणि तिच्या मागच्या बाकावरचा, माझ्याशी अगदी शहाण्यासारखा वागणारा मुलगा. तो तिच्या वेण्या ओढतो अशी तिची तक्रार होती. दोघांनी लाडू भरवले. त्यांचा फोटो छान आला. त्यानंतर तिची एकही तक्रार आली नाही आणि मी मनात म्हटलं, बघ गं बाई, याला म्हणतात शिकवणं.

काही आठवड्यांनी ती शेजारच्या वर्गातली बाई माझ्याकडे आली. दबक्या आवाजात म्हणाली, ‘मॅडम, आपकी वो बच्ची का हाथ देखो एक बार.’ मी मुलीला बोलावून बाही वर केली. दंडावर चिमट्यांचे डाग, काही हिरवट जुने, काही ताजे. मला रडू यायला हवं होतं. आधी आला तो संताप, आणि त्या मुलावरसुद्धा नाही. ही तिकडे गेली, माझ्याकडे का नाही आली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

‘मेरेको क्यों नहीं बोली?’ मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. ‘लड्डू खाए बाद मीठाच बोलना बोलके आपीच बोले ना, टीचर.’

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मी शिकवलेलं तिने पाळलं होतं, इतकंच. वर्गातल्या ज्या शांततेचा मला अभिमान होता, त्याच शांततेत ती रोज चिमटे खात होती.

त्या मुलाच्या घरी मी कळवलं, त्याचा बाक बदलला. तरी मधल्या सुट्टीत दोघं शेजारच्या सतरंजीवर गेलीच. या वेळी मी त्या दारात जाऊन उभी राहिले. मुलगी बोलत होती. हात हलवत, भराभर, मधेच रडत. वर्षभरात तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्या पोरसवदा बाईचा मला तेव्हाही हेवा वाटला, पोटात दुखेपर्यंत वाटला.

तेवढ्यात मुलीची नजर माझ्यावर पडली. ती एकदम थांबली. डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

‘कुछ नहीं, टीचर,’ म्हणाली.

मी दारातून बाजूला झाले, तेव्हा कुठे ती पुन्हा बोलायला लागली.