बेच्या पाढ्यापासून ॲडियाबॅटिकपर्यंत

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे थर्मोडायनॅमिक्समधले शब्द पाठ कसे करायचे हे सांगणारं कोणी नव्हतं. बाकी सगळं सांगायला सगळे होते. वडील ठाण्याच्या गिरणीत होते. त्यांनी मुकादमाशी बोलूनच ठेवलं होतं, की मी तोंडी परीक्षेत नापास झालो तर लगेच गिरणीत लागायचं. माझ्यावर एवढा विश्वास पुढे कोणी टाकला नाही.

कळव्याच्या आमच्या खोलीत पाठांतराची पद्धत एकच, परवचा. दिवेलागणीला देवापुढे बसायचं, श्लोक म्हणायचे, मग दोनापासून तिसापर्यंत पाढे. तोवर जेवण नाही. तिसाच्या पुढे मी त्याच चालीत जोडून दिलं, 'आयसोथर्मल, तापमान स्थिर. आयसोबॅरिक, दाब स्थिर. ॲडियाबॅटिक, उष्णता आत ना बाहेर.' आई हात जोडून ऐकायची.

युक्ती अचूक होती. झोपेतसुद्धा चुकेना.

परीक्षकांनी विचारलं, "ॲडियाबॅटिक म्हणजे काय?"

मी डोळे मिटले.

"काय पुटपुटताय?"

"सर, येतोय."

"कुठून?"

"बेच्या पाढ्यापासून, सर. मधूनच सुरू केलं की आठवत नाही."

"कितीपर्यंत आहेत पाढे?"

"तिसापर्यंत, सर."

"मग तिकडे खिडकीशी उभे राहा. शिपाई, पुढच्याला पाठवा."

मी सतराच्या पाढ्यात असताना पुढचा घाम पुसत बाहेर गेला. त्याच्यानंतरचा गेला, तेव्हा मी मुक्कामाला पोचलो आणि असा ओरडलो की शिपाई धावत आत आला.

"बरोबर," परीक्षक म्हणाले. "आता आयसोबॅरिक सांगा."

ते तर मागे राहिलं होतं! मी पुन्हा डोळे मिटले. "बे एके बे..."

"थांबा, थांबा! पास आहात. निघा."

विज्ञानाचा हा विजय मी घरी सांगितला. वडिलांनी मुकादमाला 'नको' कळवलं, जरा हिरमुसलेच. संध्याकाळी तिसाचा पाढा संपवून मी उठलो.

"पुढचं कोण म्हणणार रे?" आईने विचारलं.

"अगं, परीक्षा झाली."

"मग? काम झालं म्हणून देवापुढचं सोडायचं? बस खाली."

भात निवत होता. मी बसलो आणि आयसोथर्मलपासून सुरुवात केली.