चहा न घेणारे पाहुणे
आलं घातलेल्या चहाला उकळी आली, की मला कोल्हापूरच्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. आई जाऊन वर्ष झालं होतं. छातीवर नावाची पट्टी लावलेले, टाय घातलेले, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करणारे दोन तरुण दारात आले. वडील गावातल्या आमच्या चर्चचे जुने सभासद. आई मात्र शेवटपर्यंत जोतिबाचीच राहिली, बाप्तिस्मा तिनं कधी घेतला नाही. वडिलांनी चहा पुढं केला, तर दोघं म्हणाले, आमच्यात चहा चालत नाही. "चहा न्हाय घेत? मग पावणं, तुमच्या मनात काय तरी काळंबेरं हाय," वडील म्हणाले. पोरं शांतपणे सांगत राहिली, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं वेगवेगळे आहेत आणि बायबलसोबत आणखी एक ग्रंथ आहे. "आमच्यात तिघं मिळून एकच देव, आणि ग्रंथ बी एकच. ह्ये कसलं ख्रिस्तीपण?" वडिलांनी विचारलं. मग एकजण म्हणाला, मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो; तो स्वीकारायचा की नाही, हे मेलेल्यानं ठरवायचं. अशानं नवरा-बायको मेल्यावरही एकत्र राहू शकतात. वडील ताडकन उठले. "मेलेल्या माणसाच्या मागं कशाला लागताय? निघा." दार लावून त्यांनी दोन्ही कप स्वतः मोरीत ओतले. दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला निघालो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "अर्धा लिटर जास्त आण. ती पोरं परत आली तर चहा पीत न्हाईत." ती परत आली नाहीत, पण दूध कितीतरी दिवस जास्तच येत राहिलं. आता चहा गाळताना माझंही लक्ष दाराकडं जातं.