टोळी निघायच्या आधी

सुनंदाला जाऊन आठ महिने झाले. ती जिल्ह्याची आरोग्य अधिकारी, मी तिचा नवरा, शाळामास्तर. भेटायला येणारा प्रत्येक जण तिचा एक किस्सा ठेवून जातो. त्यातले निम्मे मला आत्ता कळतायत!

*

सुरुवात तिसगावची. तेव्हा ती तिथल्या सरकारी दवाखान्यात होती. दसऱ्यानंतर लसीकरणाला टेबल मांडून बसली, तर एकही मूल नाही.

"म्याडम, पोरं ऊसतोडीला गेली," आशाताई म्हणाली. "परवाच ट्रक भरले."

"मग आपण कुणाची वाट बघतोय?"

पुढच्या वर्षी टेबल थेट ट्रकपाशी! टोळीचा मुकादम वैतागला, "बाई, फॅक्टरीवर उशीर हुतोय!"

"मग बघत काय उभे राहिलात? पोरं धरायला लागा."

त्याने अकरा पोरं धरली. पोरांनी त्याचा शर्ट दोनदा ओला केला म्हणे.

*

लसीची कार्डं उसाच्या फडात भिजायची, हरवायची. मग तिने पुढच्या डोसची तारीख प्रत्येक कुटुंबाच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटने लिहायला सुरुवात केली.

एक बाई नवऱ्याला दटावत होती, "पेटी मोडीत घालायची न्हाई आता. पोरीच्या सुया हायेत तिच्यात!"

*

जिल्ह्याच्या बैठकीत तिने ट्रक निघायच्या आधीच टोचायची पद्धत सगळीकडे सुरू करायला सुचवलं. एक वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, गाव सोडून गेलेले आपल्या यादीतून वजा होतात."

"साहेब, परत येताना ते गोवर घेऊन येतात. तो कुणाच्या यादीत घालू?"

साहेबांनी चहा मागवला. आदेश मात्र ती स्वतः त्या साहेबांच्या खुर्चीत बसल्यावरच निघाला.

*

हा किस्सा माझा. गेल्या दसऱ्यानंतर ती अंथरुणात, कानाला फोन. मी गोळी घेऊन उभा.

"अहो, थांबा जरा. पाथर्डीचे तीन ट्रक राहिलेत."

मी थांबलो.

*

तो आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. यंदा निघाला नव्हता. मी तिसगावला गेलो, तर रस्त्याकडेला भरलेला ट्रक. बायका-पोरं वर बसलेली, इंजिन बंद.

"काय झालं, पंक्चर का?" मी विचारलं.

मुकादम तरुण होता, मला ओळखत नव्हता. "न्हाई. तालुक्याला फोन केलाय. पोरांना टोचल्याबिगर आमची गाडी हालत न्हाई."

"आणि नर्स आलीच नाही तर?"

त्याने ड्रायव्हरकडून किल्ली घेतली, खिशात टाकली आणि ट्रकच्या सावलीत मांडी घालून बसला.

"तुमी व्हा पुढं, काका."