पप्पांच्या नावावर खपवलेली भीती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. मित्रांत बसलो की मी माझ्या फजित्या मीठमसाला लावून सांगतो, लोक पोट धरून हसतात – पण ही एक गोष्ट तोंडाशी आली की मी उठून चहा सांगायला जातो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. कदाचित तेही खरं कारण नसेल. बघू, कुठवर जमतं ते.

आधी एक सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे. लोकांना ते कळत नाही, कारण मला बोलता येतं. शाळेत वक्तृत्वाचे कप मीच आणायचो. चारचौघांत घडाघडा बोलणारा पोरगा धीटच असणार, असं आपल्याकडे धरूनच चालतात, नाही का? मीही ते चालवून घेतलं.

आम्ही तेव्हा खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पप्पा मूळचे वर्ध्याकडचे. कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि पुण्याचे झाले, बोली मात्र त्यांनी सोडली नाही. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, शेजारी सगळे एकाच सायरनवर उठणारे. मी दहावीत होतो. आमच्या वर्गशिक्षिकेने माझं नाव एका संस्थेकडे पाठवलं. ही संस्था शाळेतल्या मुलांना वर्षभर परदेशी पाठवायची. तिकडे वसतिगृह वगैरे नाही – एखाद्या घरात, त्या घरचा मुलगा होऊन राहायचं आणि तिथल्याच शाळेत जायचं. बदल्यात तुमच्या आईवडिलांनी परक्या देशातलं एक पोर वर्षभर आपल्या घरी ठेवायचं. आपलं पोर द्या, दुसऱ्याचं सांभाळा, असा सगळा मामला.

सदाशिव पेठेत संस्थेच्या एका बाईंच्या घरी मुलाखत झाली. मी बोललो. काय बोललो आठवत नाही – जग बघायचंय, मनं जोडायचीत, असलंच काहीतरी. निवड झाली. जर्मनी.

आणि मग आमच्या लोकांनी नको ते केलं. अजून कशाचा कशाला पत्ता नाही, पासपोर्ट नाही, जायला जवळजवळ वर्ष बाकी – आणि क्वार्टर्सच्या मंडळाने गणपतीत माझा सत्कार करून टाकला. शाल, श्रीफळ, फळ्यावर खडूने ‘हार्दिक अभिनंदन’. जाऊन आलेल्याचा सत्कार समजू शकतो, पण न गेलेल्याचा? पप्पा पहिल्या रांगेत बसले होते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ते नुसतेच बघत होते, टाळी वाजवायचं विसरून.

मी जिथे राहणार होतो त्या घराचा फोटो आला तेव्हा माझी भीती सुरू झाली. फोटोत एक पांढरं घर होतं, मागे काळपट झाडं, दारात एक जोडपं आणि त्यांचा वासराएवढा कुत्रा. आजूबाजूला दुसरं घरच नाही. आई म्हणाली, किती छान, किती मोकळं! मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो. इथे ताप आला तर मी कोणाला उठवायचं? भूक लागली तर विचारायचं की आपणच डबा उघडायचा? आणि रडू आलं तर? – कुठे जाऊन रडायचं असतं दुसऱ्याच्या घरात?

हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल. मी तोवर एकही रात्र घरच्यांशिवाय झोपलो नव्हतो. स्काउटच्या कॅम्पला गेलो होतो, तर संध्याकाळ व्हायच्या आत पोट दुखतंय म्हणून पप्पांना बोलावून घेतलं होतं. ते स्कूटरवर आले, एक शब्द बोलले नाहीत, घरी घेऊन आले. आता मला वर्षभर जायचं होतं.  घास गिळला जायचा नाही.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतंस की सरळ, मला नाही जायचं. हो. एवढंच तर म्हणायचं होतं. पप्पा रागावले असते का? मुळीच नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण अंगावर शाल घेऊन झाली होती. धीट पोरगा म्हणून माझी क्वार्टर्सभर कीर्ती झाली होती आणि ती मला सोडवेना. घाबरलो म्हणायचीही मला भीती वाटत होती – आता बोला!

मग देवासारखा एक नियम धावून आला. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये परदेशी माणूस राहायला ठेवायचा तर परवानगी लागायची, आणि ती मिळण्यासारखी नव्हती. पप्पा साहेबांच्या दारात उभे राहून राहून दमले. शेवटी नाहीच म्हणाले साहेब. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. आईला वाटलं, पोर दुःख गिळतंय.

पण पप्पा गप्प बसणारे नव्हते. एका रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून ते वाघोलीला घेऊन गेले. तेव्हा वाघोली म्हणजे खडीच्या खाणी, शेतं आणि मध्येच उगवलेल्या दोन-चार इमारती. त्यांच्या एका दोस्ताचा फ्लॅट तिथे रिकामा होता. खिडकीतून धूळ दिसत होती नुसती. पप्पा म्हणाले, ‘‘क्वार्टर सोडून देऊ. त्या जर्मनच्या पोराले ही खोली. मी इथून डूटीले जाईन. तू काहून तोंड पाडून राहिला? जमलं ना सारं!’’

सगळं जमलं होतं. मी त्या रिकाम्या खोलीत उभा होतो आणि मला वाटलं, आता आपण मेलो.

दोन दिवसांनी शाळा बुडवून मी सदाशिव पेठेत गेलो. जाताना ठरवलं होतं – खरं सांगायचं. बाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, ‘‘बोला, वक्ते.’’ आणि माझ्या तोंडून निघालं की पप्पा नको म्हणतात. परक्या धर्माचं, काहीही खाणारं पोर आमच्या घरात चालणार नाही म्हणतात.

‘‘असं? मग अर्ज भरताना वडील काय गावाला गेले होते?’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी बोलते त्यांच्याशी.’’

हे मी धरलंच नव्हतं. बाई बोलल्या असत्या तर सगळंच उघडं पडलं असतं. मग मी – आता इथवर आलोय तर सांगतोच – मी म्हणालो, नका बोलू. ते मला मारतील. नेहमीच मारतात, पट्ट्याने.

पप्पांनी मला जन्मात कधी चापट मारलेली नाही.

बाईंचा चेहरा बदलला. नाही बोलणार म्हणाल्या, आणि मला आत बसवून पोहे दिले. मी ते खाल्ले. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी गळा दाटला असेल. छे. मला हलकं वाटत होतं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं.

घरी येऊन पप्पांना दुसरं खोटं सांगितलं. क्वार्टरचा घोळ फार लांबला, म्हणून संस्थेने माझी जागा दुसऱ्या मुलाला दिली.  पप्पा म्हणाले, म्हणजे माझ्या नोकरीपायी राहिलं. मी ‘तसं नाही’ म्हणालो, पण ‘तसंच आहे’ असं वाटेल अशा आवाजात. वक्तृत्वाचा उपयोग असा होतो.

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, गावाकडून आलेल्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन बाईंना विनवायला गेले. मला न सांगता. कळलं तेव्हा मी पेरूच्या झाडामागे जाऊन ओकलो. संध्याकाळी परत आले. डबा हातात तसाच होता. आईने विचारलं तर म्हणाले, ‘‘त्यायले गोड चालत नाही.’’ आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, नाही जमत म्हणतात त्या. मी मनात म्हटलं, सुटलो! बाईंनी शब्द पाळला, काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षं मी हेच धरून होतो.

पुढे पप्पाच सगळ्यांना सांगत सुटले – माझ्या क्वार्टरपायी पोराचं राहिलं. नातेवाइकांना, मंडळाच्या पोरांना, पुढे माझ्या सासऱ्यांनासुद्धा. मीही ती गोष्ट वापरली. कॉलेजात ती सांगून मी सहानुभूती गोळा केली. लग्नाआधी बायकोला सांगितली, तिचे डोळे भरून आले. एकदा जेवताना ती पप्पांना सहज म्हणाली, तुम्ही तेव्हा थोडा जोर लावायला हवा होता हो. पप्पा म्हणाले, ‘‘हो ना. चुकलंच माझं.’’ मी आमटी वाढून घेतली.

आता यंदाचं. पप्पा आमच्याकडेच असतात, विश्रांतवाडीला. माझी मुलगी दहावीत आहे आणि तिची निवड झाली. संस्था तीच. मुलगी निवड झाल्या दिवशी सरळ म्हणाली, ‘‘बाबा, मला जाम भीती वाटतेय’’ – आणि बॅगा बघायला लागली. गेल्या महिन्यात संस्थेने आमच्या कुटुंबाला भेटीला बोलावलं. घरातल्या सगळ्यांनी यायचं. त्या दिवशी पप्पा सकाळीच तयार होऊन बसले होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी चपला पायातून काढल्या.

‘‘तुम्ही जा. मी नसलेलाच बरा,’’ म्हणाले. मी म्हटलं, का? ते हळूच म्हणाले, जिना उतरणाऱ्या बायकोला-मुलीला ऐकू जाणार नाही असं – ‘‘त्यायच्या लेखी मी पोराले पट्ट्याने मारनारा बाप आहो. त्या बाई बोलल्या होत्या मले. पोरीचं उगाच अडाचं माह्यापायी.’’

आवाजात राग नव्हता. ‘तू असं का सांगितलंस’ असंही नव्हतं. एवढी वर्षं त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं ते मला वाचवत, जगाला क्वार्टरची गोष्ट सांगत होते.  खाली बायको हॉर्न वाजवत होती. मी काय केलं असेल? पाया पडलो? माफी मागितली?

मी म्हणालो, ‘‘बरं, उशीर होतोय.’’ आणि जिना उतरलो.

भेटीला दोन तरुण मुली होत्या. हसऱ्या, माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्या बाईंचं नावही त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी आमची विचारपूस केली, पाहुण्या मुलीला खोली कुठली देणार विचारलं. मग एकीने विचारलं, घरात आणखी कोण असतं? बायको तेव्हा मुलीबरोबर पलीकडच्या टेबलावर फोटो दाखवत होती. माझ्या मनात आलं – आजोबा आहेत म्हटलं तर या त्यांना भेटायला घरी येतील. बोलतील. पप्पा कधी, कुठलं, काय बोलून जातील –

मी म्हणालो, ‘‘कोणी नाही. आम्ही तिघंच.’’